इस्माईल, तुझे साचे अजून मीच चालवतो

इस्माईल, काल गिरणीची पाळी सुटली आणि पाय आपसूक माझगावकडे वळले. भायखळ्याचा पूल उतरलो, तुझ्या मेहुण्याच्या दोरखंडाच्या दुकानापाशी आलो, तेव्हा ध्यानात आलं की बाकड्यावर तू नाहीस. मेहुण्याने चहा मागवला. दोघं बसून प्यालो. "साचे कसे आहेत?" असं कुणी विचारलं नाही. तीन नंबरचा साचा परवापासून कुरकुरतोय, आणि हे सांगायला मला मुंबईत दुसरा माणूस नाही, बघ.

अजून तुझा चाळीसावा व्हायचाय आणि माझे प्रश्न काही थांबत नाहीत. तू असतास तर म्हणाला असतास, "सोन्या, मेलेल्याला तरी सोड रे!" नाही सोडत. जिवंत होतास तेव्हा दर प्रश्नाला बोंबलाची गोष्ट सांगून मला उडवून लावलंस. आता उडवून दाखव.

पहिला प्रश्न सगळ्यात जुना. मला साचा खात्यात का घेतलंस? आमच्या जातीची माणसं गिरणीत हवी तेवढी होती, पण सूतकताईत. विणकामाच्या साच्यांवर मज्जाव. का, तर सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागतं, आणि आमचं तोंड लागलेला धोटा पुढच्या पाळीचा माणूस हातात कसा धरणार! इतकी साधी गोष्ट. लाखो वार कापड विणलं जात होतं आणि आमची थुंकी त्यात नको होती. तू खात्याच्या मुकादमासमोर, जॉबरसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्या साच्यांवर बदली म्हणून हा पोरगा येणार. धोटा आधी मी तोंडाला लावीन, मग तो, मग परत मी. ज्याला शिसारी येते त्याने माझ्या साच्यांकडे बघू नये." जॉबर म्हणाला, "मिया, तुला काय पडलंय?" तू म्हणालास, "मला एक माणूस पाहिजे, जो गप्प बसणार नाही. तुम्ही सगळे फार गप्प बसता." खरं कारण एवढंच होतं का? की तेव्हा तुझ्या मनात आणखी काही होतं? मी तुला चार वेळा विचारलं. तू सांगितलंस की तुमच्या दाभोळच्या खाडीत बोंबील कसा चांदीसारखा चमकतो.

मग तू कराचीला गेलास. तुझी आई लेकीकडे राहायला गेली होती, तिथे ती अंथरुणाला खिळली. बहिणीची तार आली. तेव्हा जायला परमिट लागायचं, परत यायची मुदत त्यातच घातलेली असायची. तू निघालास त्या दिवशी खात्यात आलास, कमरेची कैची आणि तार ओढायचा हूक काढून माझ्या हातात दिलेस. आपल्याकडे गावी जाणारा माणूस असंच करतो. नोकरी सोडणारा आपली हत्यारं घरी घेऊन जातो, परत येणारा बदलीवाल्याकडे ठेवून जातो. "चारही साचे सांभाळ," म्हणालास, "आणि तीन नंबरला मारू नकोस, ती म्हातारी आहे." वहिनी इथेच राहिली, खोली इथेच राहिली. बोटीवर चढताना तू हात केलास तेव्हा आम्हा कुणाला वाटलंच नाही की तू परदेशी चाललायस. आम्हाला वाटलं, इस्माईल आईला बघायला चाललाय.

परमिटाची मुदत संपली, आईचे हाल संपले नाहीत. ती गेली तेव्हा नियमच बदललेले. परमिट बंद, पासपोर्ट चालू. तुझ्याकडे हिंदुस्थानचा पासपोर्ट कुठून येणार, तू तर घरून नुसता निघाला होतास! तिथल्या आपल्या कचेरीत तू किती खेटे घातलेस ते तूच जाणे. शेवटी बहिणीच्या नवऱ्याने पाकिस्तानचा पासपोर्ट काढून दिला, त्यावर इकडचा व्हिसा मिळाला, आणि तू आपल्याच घरी पाहुणा म्हणून आलास. बंदरावर वहिनी आणि मी दोघं उभे होतो. तुझ्या हातात सुक्या खजुराची पिशवी. मला म्हणालास, "साचे कसे आहेत?" वहिनीकडे बघून नुसता हसलास.

गिरणीने तुला परत घेतलं नाही. परदेशी माणूस. मॅनेजर तसा वाईट नव्हता, पण म्हणाला, भानगडीत पडायचं नाही. साचे माझ्याकडे होते ते माझ्याकडेच राहिले, मी कायम झालो. मी तुझी कैची आणि हूक परत द्यायला आलो तेव्हा तू घेतले नाहीस. "माझ्याकडे साचा आहे कुठे? तुझ्याकडेच असू दे." तेव्हापासून तू मेहुण्याच्या दुकानात बसायला लागलास, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न, साचे कसे आहेत. कुठल्या साच्याची तार तुटते, ताणा सैल आहे का, नवा जॉबर तोंड वाजवतो का. मी सगळं सांगायचो, तू डोळे मिटून ऐकायचास. इस्माईल, खरं सांग, मी बोलत असताना तुझ्या काळजात कळ यायची का? की बरं वाटायचं? हे मात्र मी तुला कधी विचारलं नाही. एवढा मोठा चौकस मी, आणि हाच प्रश्न तोंडाबाहेर काढायची छाती झाली नाही.

दर शनिवारी पोलीस ठाण्यात हजेरी. तुझ्या बहिणीचं पत्र आधी कुणीतरी फोडायचं, वाचायचं, चिकटवून पाठवायचं. त्यात काय असणार, तर धाकटीला गोवर निघाला, भाव फार वाढलेत, दादा तू जेवतोस ना नीट. साध्या कपड्यातला एक इसम कधीमधी दुकानासमोर येऊन विडी ओढत उभा राहायचा. तू त्याला एकदा आत बोलावून चहा पाजलास. मी संतापलो. "तुझ्यावर नजर ठेवणाऱ्याला चहा?" तू म्हणालास, "दिवसभर उभा असतो बिचारा. आणि उभ्याने बघण्यापेक्षा बसून बघितलं तर त्याला नीट दिसेल, माझ्यात काही नाही ते." मला मात्र पटलं नाही. आजही पटत नाही. ज्याने आपल्यावर संशय घ्यायचा त्याची सोय आपण का करायची?

इथूनच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अर्ध्यातच राहिलं. संयुक्त महाराष्ट्राची हवा तापली होती. लालबाग, परळ, डिलाईल रोड, जिकडेतिकडे सभा. मी रोज रस्त्यावर. तुला म्हणालो, "चल. तुझी बोली मराठी, तुझ्या बापजाद्यांची कबर कोकणात. मुंबई कुणाची यावर सगळे बोलतायत आणि तू दोरखंड मोजत बसलायस?" तू हातातली गाठ सोडवत म्हणालास, "सोन्या, तुला पकडलं तर तुरुंग. तुरुंगातून माणूस घरी येतो. मला पकडलं तर सरहद्द. तिथून कुठे येऊ?" मी म्हणालो, भीती वाटते म्हण ना सरळ. तू म्हणालास, "वाटते. म्हटलं. आता बस?" पण मी गप्प बसलो नाही, हे तुला माहितीच आहे. गप्प बसणाऱ्यालाच आधी उचलतात, असं मी आठवडाभर तुझं डोकं खात होतो.

मला उचललं. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका, असं कागदावर होतं. खटला नाही, सुनावणी नाही, नुसतं आत. सुटून आलो तेव्हा चाळीत झेंडूचे हार, बायांनी ओवाळलं, पोरं खांद्यावर घेऊन नाचली. तूही आला होतास, गर्दीच्या कडेला. हार घातला नाहीस, माझ्या हातात पाव आणि खिम्याची पुडी दिलीस. तुझ्या फायलीवरही जवळजवळ तेच शब्द होते, देशाची सुरक्षितता. त्याच शब्दांनी मला खांद्यावर चढवलं आणि तुला गर्दीच्या कडेला उभं केलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तुझ्या आलं असणार. मग बोलला का नाहीस?

आम्ही दादरला दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू घरी आलास. आईने शिरा केला होता. तू तिला हात जोडलेस, बशी रिकामी केलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "गंमत आहे बघ. तू धर्म बदललास, देव सोडलेस, सगळं सोडलंस, आणि सरकार तुला काही विचारत नाही. मी तर बाबा काहीच बदललं नाही." आई म्हणाली, "असं वंगाळ बोलू नको रं लेकरा," आणि तुला आणखी शिरा वाढला. तू तोही खाल्लास.

व्हिसाची मुदत संपूनही राहिलास म्हणून सरकारने तुझ्यावर खटला भरला. गिरगावातले वकील तुला फुकट मिळाले नाहीत, पण भले मिळाले. त्यांनी आपल्याला बसवून समजावलं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की आपलं नागरिकत्व आपणच सोडलं, असं कायदा धरतो. का घेतला, ते ऐकायची त्याला घाई नसते. आणि आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच सिद्ध करायचं, सरकारने नाही. मी विचारलं, "साहेब, माझ्याकडे तरी मी इथला असल्याचा काय पुरावा आहे?" वकील हसले. म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारत नाही, हाच तुमचा पुरावा." त्या वाक्यावर मी आजतागायत विचार करतोय. माझ्यासारख्याला तर गावकुसाबाहेर ठेवलं होतं, विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, पण सरहद्दीबाहेर घाला असं कुणी म्हणालं नाही. तुला विहीर मिळाली, धोटा मिळाला, आणि सरहद्द दाखवली. हे कोण ठरवतं, इस्माईल? कुठल्या खोलीत बसून ठरवतात? मला ती खोली एकदा बघायची आहे.

माझी साक्ष ठरली. तू परत यायच्या इराद्यानेच गेला होतास, हे मी सांगायचं होतं. नवा सदरा घालून गेलो. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि कैची-हुकाची रीत सांगितली. परत येणारा हत्यारं ठेवून जातो, न येणारा घेऊन जातो, गिरणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मॅजिस्ट्रेटसाहेब खाली वाकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आणि साचे आता कोण चालवतं?" म्हणालो, "मी. हा राहिला आणि गिरणीने घेतला तर मला खाली उतरावं लागेल. तरी सांगतो, हा इथला आहे." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलं.

मग सरकारी वकील उठले. त्यांनी रीतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अटकेत ठेवलं होतं, खरं ना?" मी मान ताठ करून म्हणालो, हो, संयुक्त महाराष्ट्रासाठी! "कशासाठी ते विचारलं नाही. ठेवलं होतं की नाही?" ठेवलं होतं. "बसा." झालं. ज्याच्यावर सरकारचाच भरवसा नाही त्याने दुसऱ्याची हमी द्यायची! चाळीने ज्यासाठी हार घातले त्यानेच माझी जीभ कापली. बाहेर आलो तेव्हा मला रडू फुटलं. तू मला कोपऱ्यातल्या इराण्याकडे नेलंस, ब्रून मस्का मागवलास. म्हणालास, "तू फार छान बोललास. माझ्या साच्यांवर एवढं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं." तारीख पुढे पडली. मग पुन्हा पुढे. तू राहिलास, पण उधारीवर राहिल्यासारखा, पुढच्या तारखेपर्यंत.

राज्य झालं. दादरला रोषणाई, परळला बँड. मला वाटलं तू घरीच बसशील. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तुझ्याबरोबर ठाण्यात आलो. हवालदार मालवणकडचे. "इलात? बसा," असं रोजच्यासारखं म्हणाले. तू खिशातून पुडा काढलास, पेढ्यांचा. "घ्या, हवालदार. आपलं राज्य झालं." हवालदाराचा हात मध्येच अडकला. समोरच्या वहीत तू पाकिस्तानचा, आणि हातात महाराष्ट्राचा पेढा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेढा तोंडात टाकला. "बरो आसा," म्हणाले आणि तुझ्यापुढे सहीला वही सरकवली. तू सही केलीस. आपण दोघं बाहेर पडलो आणि तू इतका हसायला लागलास की फूटपाथवर बसलास. मीही बसलो. आपल्याला बघून लोक थांबायला लागले. हसता हसता तुझ्या छातीत कळ आली होती का रे? तेव्हा तू हात छातीवर ठेवला होतास. मला वाटलं, हसून हसून.

तू गेलास त्या दुपारी वहिनीने मला निरोप पाठवला. तुला न्यायला आपल्या खात्यातली माणसं आली, आमच्या चाळीतली आली. साध्या कपड्यातला तो इसमही आला होता, रुमाल डोक्याला बांधून. त्याने खांदाही दिला. मी त्याच्याकडे रागाने बघत होतो आणि मग बघायचं सोडून दिलं.

नंतर वहिनीकडे बसलो होतो. राहवलं नाही, विचारलंच, "वहिनी, तो परत का आला? बहिणीचा नवरा गिरणीत लावून देत होता, तुम्हालाही बोलवा म्हणत होता. राहिला असता तर ना हजेरी, ना कोर्ट." वहिनी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मीपण विचारलं होतं. म्हणाले, तिथे सगळे मला बंबईवाला म्हणून हाक मारायचे. मनात आलं, बंबईवालाच जर आहे तर बंबईत का नको?" मग ती थांबून म्हणाली, "आणि तुमचं नाव घेतलं होतं. म्हणाले, सोन्या तीन नंबरला मारत असेल." मी मान खाली घातली. मारत नव्हतो रे. अगदी शपथेवर सांगतो.

वकिलांकडे जाऊन आलो. म्हणाले, आरोपीच राहिला नाही, आता प्रकरण निकाली निघेल. मी विचारलं, म्हणजे निकाल काय? तो इथला होता की नव्हता? ते म्हणाले, "आता तो प्रश्न कोर्टापुढे उरत नाही." त्यांच्यापुढे उरत नसेल. माझ्यापुढे उरतो. वहिनीपुढे उरतो, कारण तिच्या घरमालकाने कालच विचारलं, तुमचे मिस्टर तिकडचे होते ना?

मग शनिवार आला. तू नसलास तरी ठाण्यात कुणी तरी सांगायला हवं होतं. नाही तर फरार म्हणून शोधत बसले असते, आणि वहिनीच्या दारात बूट वाजले असते. मीच गेलो. हवालदाराने मान वर केली. "आज इस्माईलभाय नाय इले?"

"वारले."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग वही ओढली, पेन उघडलं आणि संकोचाने म्हणाले, "मयत म्हणून लिवतंय. पण सायब इचारतले. परदेशी माणूस हजर नाय, तर देश सोडल्यान की नाय, ता लिवचा लागता."

मी म्हणालो, "लिहा, सोडला नाही. नारळवाडीच्या कबरस्तानात आहे, पेरूच्या झाडाखाली. साहेबांना म्हणावं, आता घालवून दाखवा."

हवालदाराने लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

रस्त्यावर आलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारावंसं वाटेना. तुला घालवणं त्यांना जमलं नाही, इस्माईल. पण धड राहूही दिलं नाही रे.